हात थांबल्यावर

पडद्यावरची मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिला काहीच करायचं नव्हतं. खेळणाऱ्याची पुढची सूचना येईपर्यंत नुसतं उभं राहायचं होतं. तरी तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, दोन बोटांत एखादी बारीक गोळी वळत असावी तसा.

शाल्मली बिडवेने खेळ थांबवला. ही हालचाल तिने रेखाटलेली नव्हती. पण ती तिच्या चांगलीच ओळखीची होती.

मिरजेच्या 'हस्तवेध' प्रयोगशाळेत ती दीड वर्षं एकच खेळ घडवत होती. त्यात शत्रू नव्हते, गुण नव्हते. कंपवाताने आजारी असलेली आई, तिची मुलगी आणि एक घर. चहाचा कप न सांडता आईला खिडकीपर्यंत नेता येतो का, एवढंच खेळणाऱ्याने बघायचं. शाल्मलीची आई चार वर्षांपूर्वी गेली होती, आणि आजीलाही तोच आजार होता. खेळातल्या आईचा हात थरथरायलाच हवा होता. तो शाल्मलीने आठवून आठवून काढला होता. पण मुलीचं पात्र म्हणजे ती स्वतः.

तिने तो प्रसंग पुसला आणि नव्याने रेखाटला. अंगठा पुन्हा फिरू लागला.

पुढचे आठ दिवस ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. चहा बशीशिवाय घेऊ लागली, कारण कप बशीवर वाजला तर काय, याची तिला धास्ती होती. रिक्षात बसली की हात मांडीखाली दाबून ठेवी. घरी आरशासमोर दोन्ही हात पसरून उभी राही. काही दिसत नसे, आणि त्याने भीती कमी होण्याऐवजी वाढे. आईलाही सुरुवातीला काही दिसलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती फारुख मणेरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. पात्रांना हालचाल देणारा हस्तवेध हा प्रोग्रॅम त्यांनीच घडवला होता. त्यांचे वडील सतारी बनवायचे. चोपन्नाव्या वर्षीही फारुखभाईंचा हात तसाच बारीक कामाचा होता.

"फारुखभाई, हस्तवेध स्वतःच्या मनाने काही घालतो का?"

"त्याला मन कुठलं?" ते हसले. "एकट्या माणसाला खेळ करायचा तर हजारो हालचाली काढाव्या लागतात. ते कुणाला जमणार? म्हणून ही लेखणी. तू रेखाटतेस तेव्हा ती तुझ्या हाताची बारीकातली बारीक हालचाल टिपते, डोळ्यांना न दिसणारीसुद्धा. त्यातून तुझा चलनठसा तयार होतो. तोच वीसपट मोठा करून आपण पात्रांना देतो. म्हणून तुझी पात्रं तुझ्यासारखी हलतात."

"म्हणजे हातात नसलेलं पात्रात येत नाही."

"येऊच शकत नाही. ही माझी खात्री."

ती खात्री ऐकून शाल्मलीला खुर्ची ओढून बसावं लागलं. तिने सगळं सांगितलं. फारुखभाईंचं हसू मावळलं.

"आईंचा हात तू इतके महिने काढते आहेस. तो तुझ्या ठशात मिसळला असेल. ज्यात आई नाही असं काहीतरी काढ बघू."

कोऱ्या फाइलमध्ये शाल्मलीने दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई काढली. बाई चालत आली, तिने साडी झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. हात अगदी स्थिर. मग काम संपलं आणि ती उभी राहिली. दोनेक सेकंद गेले. अंगठा फिरू लागला.



"डॉक्टरांची वेळ घेऊ या," फारुखभाई हलकेच म्हणाले. "उगाच घाबरून जाऊ नकोस."

शाल्मली पडद्यावरून नजर हलवत नव्हती. "काम करताना फिरत नाही. थांबल्यावरच फिरतो. आईचंही तसंच होतं." ती त्यांच्याकडे वळली. "पण फारुखभाई, थांबणं मी काढलेलंच नाही. चालणं काढलं, उचलणं काढलं. नुसतं उभं राहणं कोण काढत बसतं? मग थांबलेल्या बाईला ही हालचाल आली कुठून?"

"नमुना नसेल तिथे हस्तवेधमध्ये आधीपासून असलेल्या मूळ ठशातून भरली जाते," ते सवयीने बोलून गेले.

"मग माझं थांबणं आत्ताच टिपा."

दोन मिनिटं ती लेखणी हातात सैल धरून बसली. घामाने लेखणी ओली झाली. पडद्यावर तिच्या हाताची रेघ उमटली: श्वासाबरोबर किंचित वरखाली, बाकी सपाट. फारुखभाईंनी तो ठसा कपडेवाल्या बाईला दिला. बाईने चिमटे लावले आणि ती उभी राहिली. हात शांत लोंबत राहिला.

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने पोटभर श्वास घेतला. तो सोडता सोडता तिने विचारलं, "मूळ ठसा कुणाचा आहे?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मगच तिला उत्तर कळलं.

फारुखभाईंनी जुन्या नोंदी उघडल्या. लेखणीची टोकं झिजतात, म्हणून दर महिन्याला ते स्वतः लेखणी धरून बसत आणि मूळ ठसा नवा करत. वर्षभराच्या बारा रेघा त्यांनी एकाखाली एक लावल्या. पहिल्या चार सपाट होत्या. पाचवीत पुसटशी लहर होती. बाराव्या रेघेला करवतीसारखे दाते होते, सेकंदाला पाच, अगदी नियमित.

"हा ठसा किती जणांकडे जातो?" शाल्मलीने विचारलं.

"अकराशे."

त्यांनी इतरांचे खेळ उघडले. कुणी गावातल्या बंद पडलेल्या टॉकीजवर खेळ केला होता, कुणी स्वतःच्या घटस्फोटावर. तिकीट फाडणारा माणूस दाराशी थांबला आणि त्याचा अंगठा फिरू लागला. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईचाही. एका खेळात वर्गातली सगळी मुलं प्रार्थनेसाठी उभी होती, आणि चाळीसच्या चाळीस अंगठे एका तालात फिरत होते. नव्या आवृत्तीत पात्रं नुसती उभी असली तरी किती जिवंत वाटतात, असं निर्मात्यांनी कौतुकाने कळवलं होतं.

फारुखभाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. दोघं त्याकडे बघत राहिले.

"दिसत तर काही नाही," ते म्हणाले.

"वीसपट केल्याशिवाय दिसणार नाही." शाल्मलीला स्वतःचाच आवाज परका वाटला. "फारुखभाई, दुसरंही काही असू शकेल. डॉक्टर सांगतील."

"तुझ्या आईंना कळलं, तेव्हा त्यांनी काय केलं?"

"दोन वर्षं घरात कुणाला सांगितलं नाही. औषधं तेवढीच उशिरा सुरू झाली."

फारुखभाईंनी हात टेबलावरून उचलला. मग त्यांनी फोन काढून बायकोचा नंबर लावला आणि रिंग वाजत असतानाच फोन तिच्यापुढे धरला.

"शबानाला तूच सांग. माझ्याने नाही होणार."

शाल्मलीने फोन घेतला. मघाशी आपण सुटलो म्हणून किती बरं वाटलं होतं, ते आठवून तिला फारुखभाईंकडे बघवेना. पलीकडून शबानाभाभींचा आवाज आला, "हां, बोला. आज लवकर येताय का?"

"भाभी, मी शाल्मली," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधू लागली.