बिरदेवची चिठ्ठी

सोनमची सायकल मेंढरांत अडकली, तिथंच सगळं सुरू झालं! कोरेगावच्या रस्त्यावर पुढं मेंढरं, मागं मेंढरं, अन् मधे घंटी बडवणारी अकरावीतली सोनम.

"घंटीला न्हाई भीत ती," काठी खांद्यावर टाकत एक पोरगा हसला. "थांबा की जरा."

हसला... आणि सोनम खरंच थांबली.

सोमवारी तोच पोरगा वर्गात! बिरदेव. कळपामागं हिंडण्यात त्याचा एक महिना बुडालेला. इंग्रजीच्या सरांनी चौघाचौघांचे गट केले होते. धड्याचा एकेक भाग एकेकानं शिकायचा, मग बाकीच्या तिघांना शिकवायचा. शेवटी ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं वर्गापुढं बोलायचं. त्याचे गुण तेच चौघांचे. सरांनी बिरदेवला सोनमच्या गटात बसवलं, आणि गटातल्या दिग्विजयचं तोंड वाकडं झालं.

"ह्याला काढा. ह्याची चिठ्ठी निघाली तर बुडालो आपण."

"बुडू की!" सोनम ठसक्यात म्हणाली. "पण चौघं मिळून."

रोज मधल्या सुट्टीत ती त्याच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायची. तो अडखळायचा, कानापर्यंत लाल व्हायचा... पण स्वतःचा भाग असा समजावून द्यायचा, की गटातली माया म्हणायची, "सरांपेक्षा बरं कळतंय गं!"

परीक्षेला चिठ्ठ्या दिग्विजयनं लिहिल्या. सोनमनं एक उचलली. तिचंच नाव. दिग्विजय छताकडं बघत होता. तिनं उरलेल्या तिन्ही उघडल्या — सोनम, सोनम, सोनम!

टराटरा फाडल्या तिनं चारही.

"सर, आमच्या चिठ्ठ्यांत गडबड झाली. बिरदेव बोलेल."

"याड लागलं का तुला?" बिरदेव कुजबुजला. "माझ्यापायी तुझं गुण जातील."

"जाऊ देत. तुला वगळून मिळालेले नकोत मला."

सरांनी मान डोलावली, तसा बिरदेव उठला. पहिलं वाक्य अडलं, दुसरं सांडलं... तिसऱ्याला त्यानं सोनमकडं पाहिलं, आणि मग मधल्या सुट्टीतला बिरदेव बोलायला लागला.

दहापैकी सात.

"तू बोलली असतीस तर नऊ पडले असते," दिग्विजय धुसफुसला.

"नऊ माझे असते. सात आपले हायत!"

सायकलपाशी बिरदेवनं विचारलं, "भ्या न्हाई वाटलं तुला?"

"वाटलं ना."

"कशाचं?"

"तू..." सोनमची जीभच अडली, पण नजर हलली नाही. "तू परत मेंढरांमागं निघून जाशील, ह्याचं. मला तू आवडतोस. झालं, सांगितलं!"

कानापर्यंत लाल झाला तो. मग ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला,

"आय विल स्टे."