पाटी बरोबर, झाड चूक!

“अरे थांबा ना! माझी चप्पल रुतलीय!” लतिका ओरडली. पुढे गेलेल्या मुलांपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही.

वडिलांना धाटावच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून जूनमध्ये ती पेणहून रोह्याला आली. आता दिवाळीची सुट्टी लागली, तरी शाळेत तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ‘औषधी झाडांची रानफेरी’ असा कागद दिसला आणि तिनं नाव घातलं. निदान कुणाशी बोलणं तरी होईल!

वाट दाखवायला कातकरवाडीच्या पुतळीमावशी होत्या. पण बोलायचे ते फेरी काढणारे दामोदरसरच! मुलांना आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांना झाडांवर ठोकलेल्या पाट्या ते खणखणीत आवाजात वाचून दाखवत सुटले होते. वाटेत मावशींनी कुड्याचं एक रोपटं दाखवलं, पान तोडून त्याचा दुधासारखा चीक दाखवला, तेवढंच.

चप्पल ओढून काढताना लतिकाची नजर शेजारच्या झाडावर गेली. ‘कुडा. सालीचा काढा पोटदुखीवर.’ खालची साल नुकतीच सोललेली होती. पण पाटीचा खिळा एवढा चकचकीत कसा? बाकीचे तर गंजलेले! तिनं पान तोडलं. चीक नाही! दुसरं तोडलं, तेही कोरडंच! मागच्या झुडपात एक खोड आडवं पडलं होतं, आणि त्यात गंजका खिळा!

“ए पेणकर! सर शोधतायत तुला!” तिच्या वर्गातला मोरू धावत आला. त्याच्या मागून त्याची बहीण शांती.

“हे कुड्याचं झाड नाहीच!” लतिकानं सगळं दाखवलं.

मोरूचे डोळे विस्फारले. “अगं, सरांच्या गड्यानं सकाळी याचीच साल नेली! पाहुण्यांसाठी काढा उकळतोय तिकडे!”

“शांती, तू पळ आणि पेले लपव! मोरू, ही फांदी धर!”

ओढ्याकाठी चुलीवरचं पातेलं खदखदत होतं. पाहुणे पेले शोधत होते. मावशींनी फांदी हातात घेतली मात्र, त्यांचा चेहराच उतरला.

“अगो, हा काजरा हाय! जहर! कुनी काढली याची साल?”

“पुतळीबाई, पाटी मी पुस्तकातून लिहिलीय!” सर चिडले.

“मला नाय वाचता येत पाटी. झाड वळखता येतं.”

“सर, पाटी बरोबर आहे, झाड चुकलंय!” लतिका म्हणाली. “तुम्हीच पान तोडून बघा ना!”

सरांनी एक पान तोडलं. मग आणखी एक. एकातूनही चीक आला नाही.

“पावसात कुडा पडला...” सर पुटपुटले. “पाटी शेजारच्या झाडाला ठोक, असं मीच गड्याला सांगितलं. मावशींना एका शब्दानं विचारलं नाही.” त्यांनी स्वतःच खड्डा खणून काढा ओतला, वर माती लोटली. “पोरांनो, आज तुम्ही आम्हा सगळ्यांना वाचवलंत!”

टाळ्या झाल्या, पाठी थोपटल्या गेल्या. मोरू आणि शांतीला न्यायला त्यांचे काका आले. बाकीचेही आपापल्या घोळक्यानं निघून गेले. लतिकाच्या वडिलांची कंपनीत दुसरी पाळी होती, घराला कुलूप असणार.

मावशी एकट्याच वाडीकडे निघाल्या होत्या. लतिका धावली.

“मावशी, वाडीवरूनच जाते माझी वाट. येऊ तुमच्याबरोबर?”

“ये की गो. पन मुक्यानं चालू नको. एवढी मानसं फिरवतंय मी, माझ्याशी कुनी बोलत नाय.”

कुठून सुरुवात करावी ते लतिकाला कळेना. मग ती पेणच्या रामवाडीतल्या आपल्या जुन्या घराबद्दल सांगू लागली.