चंद्रपंखीचं खोटं लग्न

दिग्रसच्या वाचनालयात 'चंद्रपंखी'च्या शेवटच्या भागावर एकदमच दोन हात पडले. एक उत्तमसिंगचा, पुस्तक परत ठेवणारा. दुसरा जमनीचा, उचलणारा. दोघांपैकी कोणीच सोडेना.

"झालं ना वाचून तुमचं?" तिनं विचारलं.

"झालं. पण तुमी वाचू नका."

"काहून?"

"शेवट खराब आहे."

बाहेर पाऊस रिपरिपत होता. तिनं ओढणीनं पुस्तकावरचे थेंब टिपले, त्याच्याकडे एकदा पाहिलं... आणि पुस्तक नेलं.

मत त्याचं एकट्याचं नव्हतं. जादूगारानं पंख चोरलेली परी चंद्रपंखी आणि ते पंख शोधत रानोमाळ फिरणारा राजपुत्र वज्रकेतू, यांच्यापायी एकोणीसशे चौसष्टचं दिग्रस खुळावलं होतं. शेवटच्या भागात वज्रकेतू पंख मिळवतो, स्वतःच्या हातानं तिला लावून देतो, आणि ती उडून जाते. तो महालाची खिडकी उघडी ठेवतो. संपलं. एका कापूस अडत्यानं शेवटची पानं कोणीतरी फाडली म्हणून वाचनालयात तक्रार केली. शेवट आवडला म्हणणाऱ्या एका मास्तरांची दाढी न्हाव्यानं अर्धीच करून ठेवली.

उत्तमसिंग जिनिंगमध्ये फिटर. प्रत्येक भाग तो संध्याकाळी आपल्या बंजारा तांड्यावर मोठ्यानं वाचून दाखवी. पुस्तक परत करायच्या आदल्या संध्याकाळी, शेवटच्या पानाशी त्यानं वर पाहिलं. सगळा तांडा श्वास धरून बसलेला. मग त्यानं पुस्तकात पाहत, पुस्तकात नसलेलं वाचलं. वज्रकेतूनं पंख चुलीत घातले आणि परीशी लग्न केलं. तांडा सुखानं झोपायला गेला.

पुढच्या बाजारात जमनीनं त्याला मिरच्यांच्या ढिगाशी गाठलं.

"तुमच्या तांड्यावर चंद्रपंखीचं लग्न झालं म्हणे. जेवायले काय होतं?"

"लापशी," तो गंभीरपणे म्हणाला.

"अन् पंख जाळताना तिले विचारलं होतं?"

ती हसली नाही, हेच त्याला जास्त लागलं. त्यानं नको असलेल्या मिरच्या विकत घेतल्या.

नंतर बाजाराच्या दिवशी वाचनालयात गाठीभेटी होऊ लागल्या. भांडण एकच, शेवटाचं. कपाटाच्या आडून ती म्हणायची, "पंख असून उडू नये, तर पंख कायले?" तो म्हणायचा, "अन् त्या बिचाऱ्यानं खिडकीपाशी बसून काय करावं?" मग कोणी आधी निघायचं, हे ठरेना.

उत्तमसिंगच्या आईनं, सुखीबाईनं, हे ओळखलं आणि मागणी घातली. जमनीच्या तांड्यावर गूळ वाटायचा दिवस ठरला. तांड्याच्या नायकासमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. आणि तेवढ्यात जमनीला अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगमध्ये जागा मिळाली.

"गूळ खाल्ला की पोरगी आमची," सुखीबाईनं बैठकीत सांगितलं. "मंग शिकायले जायाचं नाही."

जमनीच्या बापानं, खेमसिंगनं, मान खाली घातली. जमनी दाराच्या चौकटीशी उभी होती. मुलीनं बैठकीत बोलायची रीत नव्हती.

नायक देवसिंगनं उत्तमसिंगच्या तळहातावर गूळ ठेवला. आता हात फक्त तोंडाकडे न्यायचा होता. गूळ घामानं विरघळू लागला. त्यानं दाराकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही, विनवलंही नाही.

"खाय ना," नायक म्हणाला.

"नायक, आमच्या तांड्यावर मी एक गोष्ट चुकीची वाचली होती. आधी ते सांगतो." आणि उत्तमसिंगनं खरा शेवट सांगितला, अगदी उघड्या खिडकीपर्यंत.

त्याच्यासोबत आलेला म्हातारा लखीराम हबकला. "म्हंजे लग्न झालंच नाही? अन् मी आशीर्वाद देल्ला तो?"

"तो राहू द्या." उत्तमसिंगनं गूळ थाळीत परत ठेवला. "हिले शिकू द्या. परत आली अन् तिच्या मनात असलं, तर खाऊ."

"अन् नसलं तर?" सुखीबाईनं विचारलं.

त्यानं थाळी नायकाकडे सरकवली. "तर... नाही."

"पुस्तकं वाचून पोरगं बिघडलं," नायक म्हणाला आणि थाळी झाकली.

अमरावतीला जायच्या दिवशी बसस्टँडवर जमनीच्या पायाशी लोखंडी पेटी होती. खेमसिंग तिकीट काढायला गेला होता.

"शेवट अजून खराब वाटते का?" तिनं विचारलं.

"चांगला आहे," उत्तमसिंग म्हणाला. "पण वज्रकेतूले किती जड गेलं असंल, ते लेखकानं लिवलं नाही."

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"तू खिडकी उघडी ठेवजो."

"माह्या घराले खिडकीच नाही."

"मंग पाड ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं पहार घेऊन मातीच्या भिंतीला हात घातला. सुखीबाई कपाळाला हात लावून बसली. "कायले भोक पाडून राह्यला? मांजरं येतील."

"येऊ दे, याडी," तो आईला म्हणाला.

मांजर त्याच आठवड्यात आलं आणि दूध पिऊन गेलं. नंतर पावसाची झड आली, धूळ आली. सुखीबाईनं पोतं लावलं की उत्तमसिंग ते काढायचा.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तो चहा पीत बसला होता. खिडकीतला उजेड अचानक कमी झाला. त्यानं वर पाहिलं.

"नायकाच्या गुळाले मुंग्या लागल्या का?" जमनीनं बाहेरून विचारलं.

"नाही... अजून तरी."

"मंग झाकून ठेवाले सांग. माही परीक्षा बाकी आहे."