काठ ओलांडताना

हलत्या खोलीत खोलीने हलायचे असते, माणसाने नाही. सिन्नरजवळच्या माळावरच्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्रात ही खोली होती. तिच्या भिंती आणि छत लोखंडी सांगाड्याला टांगलेले, जमीन मात्र पक्की. मधोमध माणूस उभा करायचा आणि भिंती वीतभर पुढे, वीतभर मागे सरकवायच्या. धडधाकट माणूस जरासा डुलतो आणि लगेच सावरतो, कारण जमीन आहे तिथेच आहे हे त्याचे पाय त्याला सांगत असतात.

केतकी पोतनीस सावरत नव्हती. भिंत अंगावर आली की ती मागे झुकत होती, लांब गेली की पुढे. मग तिला डोळे मिटायला सांगितले, तर ती सरळ कमरेला बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्यालाच लोंबकळली.

"नापास," वैद्यकीय मंडळाच्या प्रमुख डॉ. निगुडकर काचेपलीकडून म्हणाल्या. "केतकीताई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण पार्किन्सन असलेल्या माणसाला मी अंतराळात कशी पाठवू? ज्याला जमिनीवर धड उभं राहता येत नाही..."

"पुढचं कळलं," केतकी म्हणाली.

केतकी अभियंता होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका मोठ्या दुर्बिणीचा पाकळीआरसा तिने बनवला होता. कळी उमलावी तसा तो वर गेल्यावर उमलायचा होता. उमलला नाही. एक खिटी अडकली आणि तिच्या अर्ध्या आयुष्याचे काम वर्षभर मिटूनच घिरट्या घालत राहिले. दुरुस्तीला जाणारे यान तिथे चारच दिवस थांबू शकत असे. दोन तुकड्या जाऊन आल्या होत्या. निवडून काढलेली, घोटीव अंगाची तरुण मंडळी. दोन्ही वेळा तीन दिवस उलटीच्या पिशवीत तोंड घालून पडून राहिली, आणि चौथ्या दिवशी जरा बरे वाटायला लागले तर परत निघायची वेळ झाली. आता शेवटची एक फेरी मंजूर होती. ती फसली की दुर्बीण भंगारात जाणार होती. खिटी केतकीच्याच हातची. म्हणून तिने अर्ज केला होता आणि केंद्रातले लोक तिला तोंडावर हसले नव्हते, एवढाच काय तो मान.

संध्याकाळी डॉ. आग्नेल डाबरे तिला नाशिकला घरी सोडायला आले. हे वसईचे मेंदूतज्ज्ञ. हलती खोली त्यांचीच. केतकी दाराशी पोहोचली आणि थबकली. दार समोर आले की तिचे पाय फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे व्हायचे. आतून तिचा नवरा हेरंब म्हणाला, "हिरवा बघ, हिरवा."

उंबऱ्याच्या आत फरशीवर साडीचा हिरवा काठ आडवा चिकटवलेला होता. केतकीने त्याच्याकडे पाहिले, पाय उचलला आणि काठाच्या पलीकडे टाकला. पुढे जांभळा, मग राणी रंगाचा, मग लाल. बोळभर असे काठ होते. एकेक ओलांडत ती तरातरा स्वयंपाकघरात पोहोचली.

"हे काय प्रकरण आहे?" डाबरेंनी विचारले.

"माझ्या साड्यांचा खून," केतकी म्हणाली. "माझी चांगली नारायणपेठ कापली यानं."

"काठ तेवढे कापले. बाकी साडी शाबूत आहे."

"बिनकाठाची साडी काय डोक्याला गुंडाळू?"

हेरंब चहा टाकता टाकता हसत होता. "डॉक्टर, आधी मी खडूनं रेघा मारल्या होत्या. पुसून जायच्या. काठ बरे, उठून दिसतात. पण पहिल्याच दिवशी हिचा पाय जरीला लागला, आणि ही सवयीनं खाली वाकली नमस्कार करायला. खांदा भिंतीवर आपटला. तेव्हापासून घरात नियमच आहे. पाय लागला तरी वाकायचं नाही. नमस्कार मनातल्या मनात."

डाबरे हसले नाहीत. चहा निवत होता आणि ते बोळाकडे बघत होते.

"केतकीताई, आज तुम्ही नापास का झालात, सांगू?"

"पाय ऐकत नाहीत म्हणून."

"नाही. डोळ्यांचं फार ऐकता म्हणून. तोल सांभाळायला मेंदूपाशी तीन पंच असतात. डोळे, कानाच्या आतलं संतुलनेंद्रिय, आणि पाय, म्हणजे तळवे, स्नायू, सांधे. तिघं आपापलं सांगतात, मेंदू निवाडा करतो. तुमच्या पायांचा आवाज या आजारात क्षीण झालाय. म्हणून मेंदूनं काय केलं? डोळ्यांच्या मताला जास्त वजन दिलं. डोळ्यांना रेघ दाखवली की तुमचं पाऊल उठतं. डोळ्यांना फसवलं की तुम्ही डुलता."

"हे मला माहीत आहे, डॉक्टर. सहा वर्षं मी तेच जगतेय."

"मग आता वर चला. वजन नाही. पायाखाली जमीनच नाही, तर पाय काय सांगणार? कान सांगतो, पडतोय, पडतोय. डोळे म्हणतात, कुठे पडतोय, समोर भिंत आहे की. पंचांमध्ये भांडण लागतं आणि त्या भांडणाचं नाव उलटी. तीन दिवसांनी मेंदू कंटाळून कान आणि पाय दोघांना गप्प करतो आणि डोळ्यांचं ऐकायला लागतो. चौथ्या दिवशीच्या अंतराळवीराला हलत्या खोलीत उभं केलं, तर तो कसा डुलेल?"

केतकीने हातातली बशी खाली ठेवली. "माझ्यासारखा," ती म्हणाली.

"आमची परीक्षाच उलटी आहे. डोळे मिटून खांबासारखा उभा राहणारा माणूस आम्ही निवडतो. म्हणजे कानाचं आणि पायाचं सर्वांत जास्त ऐकणारा. वर त्याचंच भांडण सगळ्यात मोठं. तुमच्या मेंदूनं ते कधीच मिटवलंय."

आनंद झाला की केतकीला रडू यायचे. तसे ते आले, आणि हेरंबने न विचारता पदराऐवजी पोळ्यांचे फडके पुढे केले.

निगुडकरबाई अशा सहजी वितळणाऱ्या नव्हत्या. "आजारालाच गुण म्हणून विकताय तुम्ही," त्या डाबरेंना म्हणाल्या.

"आजार आजारच आहे. गोळी चुकली तर ताईंना बटण लावता येत नाही. वरही गोळ्या लागतील, थकवाही येईल. पण त्यांचं अडतं ते चालताना आणि उभं राहताना. वर कुणी चालत नाही आणि उभंही राहत नाही."

"आणि हाताचा कंप?"

"हात रिकामा असला की कंप. कामाला लागला की कमी होतो."

शेवटी ठरले, की गोता-विमानात बघायचे. हे विमान उंच चढून असा काही सूर मारते, की आतल्या माणसांना अर्धा मिनिट वजनच राहत नाही. सुरावर सूर मारले गेले. यानाचा कप्तान शार्दूल घोरपडे हा सहा फुटी गडी तिसऱ्या सुरात पांढराफटक पडला. केतकी तरंगत तरंगत खिडकीपाशी गेली आणि उतरल्यावर तिने मिसळ मागवली. निगुडकरबाईंनी सही केली. करताना तोंड मात्र कारले खाल्ल्यासारखे होते.

यान गेले. शार्दूल, वैमानिक नाझनीन मुलाणी आणि केतकी. हेरंबने निघताना तिच्या खिशात उरलेल्या काठांचे एक भेंडोळे कोंबले. "तिथे जमीन नाही रे," ती म्हणाली. "असू दे," तो म्हणाला.

डाबरेंचे म्हणणे खरे ठरले. शार्दूल पिशवीत तोंड घालून पडला. नाझनीनही उलट्या आवरत एका डोळ्याने यान सांभाळत होती. केतकीला नुसती भूक लागत होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचे शरीर तिच्या मनाबरोबर निघत होते. बोट टेकवले की पुढे, बोट टेकवले की वळण. दारे आली आणि गेली, पाय अडले नाहीत, कारण पायांना कुणी विचारलेच नव्हते. तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती दुर्बिणीच्या पोटातल्या, यानाशी जोडून हवा भरलेल्या अरुंद कप्प्यात शिरली आणि हसू मावळले. आत सगळे काळे होते. भटका उजेड आरशावर जाऊ नये म्हणून तो रंग तिनेच सुचवला होता. हातातल्या दिव्याचा उजेडही तो काळेपणा गिळून टाकत होता. ना कडा, ना कोपरा. ज्या एका पंचावर तिचा सगळा भरवसा होता, त्यालाच काही दिसेना. वर कुठे, खाली कुठे, आपण उलटे आहोत की सुलटे, काही कळेना. तिने घट्ट डोळे मिटले; ते आणखी वाईट.

"नाझनीन!" तिने हाक मारली. "माझ्या खिशात भेंडोळं आहे. ते काठ इथे भिंतीवर चिकटव."

"काय चिकटवू?"

"साडीचे काठ गं! लांब, एकाशेजारी एक. लवकर."

नाझनीन गरगरत्या डोक्याने आत आली, तिने चिकटपट्टीने काठ लावले आणि त्यांच्यावर दिवा धरला. काळोखात जर चमकली. एक रेघ, दुसरी, तिसरी. केतकीसाठी तेवढ्याने कप्प्याला भिंत आली, भिंतीला दिशा आली. ती खिटीपर्यंत गेली. थरथरणारा हात पान्यावर बसला आणि शांत झाला.

खिडकीतून पाकळ्या उमलताना दिसल्या तेव्हा नाझनीन उलटी विसरून ओरडली. केतकी एकेक पाकळी मोजत होती. अर्ध्या आयुष्याचे काम पुढ्यात उघडत होते.

विमानासारखे पंख असलेले ते यान माळावरच्या धावपट्टीवर उतरले. शिडीपासून गाडीपर्यंत हेरंबने काठ आडवे अंथरले होते. केतकी दमून येणार, मोकळ्या मैदानात तिला रेघ कुठून मिळणार, म्हणून त्याने हातापाया पडून परवानगी काढली होती. उरलेल्या सगळ्या साड्या त्यात गेल्या होत्या.

आधी शार्दूल उतरला. चाकाची खुर्ची त्याने झिडकारली. खाली पाय टेकले आणि तो तसाच राहिला. पाय फाकलेले, हात अधांतरी. त्याच्या मेंदूने कालच कुठे कानाला आणि पायांना गप्प केले होते. आता ते पुन्हा बोलत होते, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा कसा? मागे नाझनीन शिडीचा दांडा सोडायला तयार नव्हती. केतकीही थकली होती, पण तिला हे रोजचेच होते. ती हळूच पुढे आली.

"शार्दूल, कानाचं ऐकू नकोस. समोर जांभळा काठ दिसतोय? तो बघ आणि पलीकडे पाऊल टाक."

त्याने टाकले. मग दुसरे. काठ केतकीच्या पावलाच्या मापाने लावलेले, त्यामुळे सहा फुटी कप्तान म्हातारीसारखा तुरुतुरु चालत होता. तिसऱ्या काठाला त्याचा बूट जरीवर पडला. आईने लावलेली सवय अंतराळात जाऊनही सुटत नाही. तो नमस्कार करायला वाकला आणि धाडकन गुडघ्यांवर आला.

"वाकायचं नाही!" केतकी आणि हेरंब एकदमच ओरडले. "नमस्कार मनातल्या मनात!"

तो उठला, तेव्हा तो काठ त्याच्या मुठीतच राहिला होता. केतकी पुढे, मागे तो, त्याच्या मागे नाझनीन, अशी तिघे सारख्या आखूड पावलांनी गाडीकडे निघाली.

निगुडकरबाई डाबरेंशेजारी उभ्या होत्या. "आत्ता यांना हलत्या खोलीत उभं केलं तर?"

"तिघंही नापास."

"उद्यापासून या पोरांना चालायला शिकवायला कुणाला बोलवायचं?" बाईंनी विचारले, पण नजर केतकीवरच होती.

केतकी गाडीपाशी पोहोचली आणि थबकली. दार अरुंद होते आणि हेरंबचे काठ पाऊलभर अलीकडेच संपले होते. तिने पाय उचलू पाहिला. उठेना. पृथ्वीवर ती परत आली होती, आजारासकट.

मागून शार्दूल तिच्या शेजारी आला. वाकायची आता त्याची छाती नव्हती. त्याने मुठीतला काठ उभ्या उभ्याच कपाळाला लावला आणि दारासमोर खाली सोडला. तो तिरकाच पडला.

"ताई," तो म्हणाला, "पलीकडे."

केतकीने काठाकडे पाहिले आणि पाऊल टाकले.