घासाचा ठसा

हेमंतची बायको प्रणिता घरी त्याच्या आधी जेवायला बसायची. तिने घास गिळला की हेमंतच्या खिशातल्या फोनला हलका धक्का बसायचा, छातीवर कोणी बोटाने टिचकी मारावी तसा. गेली दोन वर्षे नागपूरच्या कार्यालयातली त्याची दुपार या टिचक्यांवर चालत असे. टिचक्या थांबल्या की तिचे जेवण झाले, मग तो स्वतःचा डबा उघडायचा.

त्या शुक्रवारी बैठक लांबली होती. कापसाच्या शेतांवर उडणाऱ्या टेहळणी यंत्रांचा करार होता. हेमंत ढोमणे हा राज्याच्या विधी विभागात संशोधनाच्या आणि तंत्रज्ञानाच्या करारांवर सल्ला देणारा अधिकारी. तो म्हणत होता, "यंत्रं कंपनीची, शेत शेतकऱ्याचं. पण वरून काढलेले फोटो कोणाचे, हे कुठंच लिहिलेलं नाही."

तेवढ्यात दोन टिचक्या आल्या. पुढची आली नाही. त्याला वाटले, पाणी प्यायला उठली असेल. पण पाणी प्यायल्यावरही टिचकी येते, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. तो बोलता बोलता थांबला. समोरच्यांना वाटले, तो मुद्दा शोधतो आहे. मग फोन वाजला. शेजारच्या आष्टनकर वहिनी होत्या.

"भाऊजी, घरी या," त्या म्हणाल्या. "गाडी चालवू नका. कोणाला तरी सोबत घ्या."

त्याला कळले.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. घास अडकला नव्हता. गळ्यावरच्या पट्टीने आपले काम शेवटपर्यंत नीट केले होते.

तिला लोक गिळपट्टी म्हणत. आपण घास गिळतो तेव्हा तोंडातले आणि गळ्यातले पुष्कळ स्नायू एका क्षणात, ठरलेल्या क्रमाने हलतात. प्रणिताच्या आजारात हा क्रम बिघडत गेला होता. पाणीसुद्धा श्वासनलिकेत जायचे. गिळपट्टी नसांमधला इशारा ओळखायची आणि बारीक विजेने एकेका स्नायूला त्याची वेळ सांगायची. घास खाली गेला की ती हेमंतच्या फोनला कळवायची. पण प्रत्येकाची गिळण्याची तऱ्हा वेगळी असते. पट्टीला ती महिनोन्महिने शिकावी लागते. शिकून झाले की तिच्यात त्या माणसाचा घासाचा ठसा तयार होतो.

तेरावे झाल्यावर डॉ. सुनेत्रा भोयर घरी आल्या. गिळपट्टीचे संशोधन त्यांच्या केंद्रात झाले होते. त्यांनी चहा घेतला, प्रणिताच्या फोटोकडे पाहिले आणि बराच वेळ विषय काढला नाही.

"पट्टी न्यायला आलात ना?" हेमंतने विचारले.

"न्यावी लागेल. तुमचंच कलम आहे, सर. माणूस गेला की महिन्याच्या आत ठसा पुसायचा. येत्या सोमवारी मुदत संपते."

"मग?"

"भंडाऱ्याला एक बाई आहे. रोशनी टेंभुर्णे. एसटीत कंडक्टर होती. ताईंचाच आजार, पण तिच्या नसांचा इशारा इतका क्षीण की नवी पट्टी शिकतच नाही. नाकातल्या नळीनं पोट भरते. ताईंचा ठसा तिला जुळतो. अगदी जुळतो. तो घातला तर पट्टीला शून्यातून शिकावं लागणार नाही. पुढच्या तपासणीला ताईंना विचारणारच होते मी." त्यांनी कप खाली ठेवला. "पट्टी बनवणाऱ्या कंपनीनं तुमच्या विभागाला पत्र दिलंय. विशेष बाब म्हणून कुटुंबाची संमती चालेल का, म्हणून."

पत्र हेमंतने पाहिले होते. आपण यात सल्ला देऊ शकत नाही, असे त्याने सचिवांना सांगितलेही होते. सचिव म्हणाले, तुमचा संबंध वर स्पष्ट नोंदवा आणि अभिप्राय लिहा. या कलमाची नस तुम्हालाच माहीत आहे. शेवटची सही दुसऱ्याची घेऊ.

कलम साधे होते. मयताचा घासाच्या ठशासारखा कोणताही शरीरठसा दुसऱ्याला द्यायचा तर त्याने जिवंतपणी स्वतः लिहून किंवा स्वतःच्या आवाजात तसे सांगितलेले असावे. नातेवाइकांची संमती ग्राह्य धरू नये. प्रणिता आजारी पडण्याच्या पुष्कळ आधी हेमंतने ते कलम लिहिले होते, आणि ते प्रणितामुळेच सुचले होते. ती आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. कंपन्यांना नातेवाइकांची सही पुरेशी हवी आहे, हे त्याने जेवताना सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अहो, ब्लाउजचं माप ज्या बाईचं तिचं. ती मेल्यावर तिचा नवरा येऊन म्हणाला, हे माप अमकीला द्या, तर मी काहून देऊ? त्याला काय विचारायचं? त्यानं कधी घातलं होतं का ते?"

पुढे तिच्यावरच गिळपट्टी लावायची वेळ आली. तुमच्या पश्चात ठसा वापरावा की वापरू नये, असे केंद्राने विचारले. तिने दोन्हींतले काहीच निवडले नाही. डॉ. भोयरांना म्हणाली, "जिला द्यायचं तिला आधी दाखवा. बाई बघितल्याशिवाय माप देत नाही मी." सगळे हसले. नंतर बघू, असे ठरले.

"मी भंडाऱ्याला जाऊन येतो," हेमंत म्हणाला.

"नियमात बसतं?"

"सल्लागार म्हणून नाही बसत. प्रणिताला आधी बघायचं होतं. ती नाही, तर मी बघून येतो."

रोशनी चौतिशीची होती. दारातच उभी होती. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती.

"या साहेब, पुढं सरका, जागा आहे," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "सवय जात नाही पाहा."

तिच्या आईने पाण्याचा पेला आणला. हेमंतने तो हातात घेतला, पण तिच्यासमोर प्यायला त्याला अवघड वाटले.

"प्या ना," रोशनी म्हणाली. "मी पाहतो लोकाईले पाणी पिताना. टीव्हीसारखं. आमची माय तर माझ्यासमोर जेवतच नाई. मागच्या खोलीत जाऊन चोरासारखी जेवते. मले त्याचाच जास्त राग येते."

"गप बस," आई आतून म्हणाली.

"बाईसाहेबाईले काय आवडे खायाले?"

हेमंतने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "गोळाभात. वरून गरम तेलाची फोडणी. डॉक्टर नको म्हणायचे, तरी खायची."

"तिखट?"

"तिखट."

"मंग जमते आमचं." तिने गालावरची चिकटपट्टी दाबून बसवली. नंतर सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "डॉक्टर मॅडमनं सांगतलं, बाईसाहेब जेवल्या का तुमच्या खिशात टिचकी वाजे म्हणून. एक विचारू? राग नका मानू. मी त्याईच्या गळ्यानं जेवली, तर थे टिचकी कोणाच्या खिशात वाजन?"

"कोणाच्याच नाही," हेमंत म्हणाला. "ते बंद करता येतं."

"तुम्ही करान?"

त्याने हो म्हटले. तिने मान हलवली, पण तिला ते पटल्यासारखे दिसले नाही. निघताना ती दारापर्यंत आली. "नाई जमलं तरी स्वतःच सांगा, साहेब. लेटर नका पाठवू. लेटरचं मी काय करू?" त्याने तसा शब्द दिला.

रविवारी दुपारी आष्टनकर वहिनींनी डबा पाठवला. वांग्याची भाजी आणि भाकर. हेमंतने ताट वाढून घेतले. प्रणिताची पट्टी कपाटात होती, सोमवारी परत द्यायची म्हणून चार्ज करून ठेवलेली. ती दुसऱ्या कोणी लावू नये, असे करारात लिहिलेले होते. तेही त्यानेच लिहिले होते. त्याने पट्टी काढली आणि स्वतःच्या गळ्यावर लावली.

घास चावून तो गिळायला गेला. त्याची गिळण्याची तऱ्हा साधी होती, चावले की गिळले. पण घास तोंडात अडला. पट्टीने थांबवल्यासारखा. मग अर्धाच खाली गेला. एक छोटा थांबा आला, आणि उरलेला गेला. प्रणिता असेच गिळायची. आजाराच्या आधीपासून. लग्नानंतर पहिल्यांदा समोर बसून जेवताना त्याने ते पाहिले होते आणि विचारले होते, की असे दोनदा का गिळतेस. ती म्हणाली होती, मोजू नका, जेवा.

खिशात टिचकी वाजली.

त्याने खिशावर हात ठेवला. मग दुसरा घास घेतला. पुन्हा टिचकी वाजली. तिसरा घास त्याने हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. पट्टी काढून तो मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

रोशनीने काय विचारले होते, ते त्याला तेव्हा नीट कळले. ठसा रोशनीला मिळावा, असे त्याला मनापासून वाटत होते. त्या वाटण्यात रोशनी किती होती? प्रणिता किती होती? कुठेतरी, भंडाऱ्यात का होईना, रोज दोन वेळा कोणीतरी तिच्यासारखा घास दोनदा गिळत राहील, यासाठी तो वाटेल तिथे सही करायला तयार होता. ती हो म्हणाली होती, असेही लिहून द्यायला तयार होता. मागे उरलेले माणूस असेच करते. म्हणून तर ते कलम होते.

सोमवारी सकाळी तो केंद्रात गेला. पट्टी त्याने स्वतः डॉ. भोयरांच्या हातात दिली आणि लिहिलेला अभिप्राय वाचायला दिला. वर त्याने आपला संबंध नोंदवला होता. काल आपण पट्टी लावली, हेही लिहिले होते. खाली मत होते. कलम बदलू नये, विशेष बाब म्हणूनही नाही. एकदा नातेवाइकांची सही चालली, की प्रत्येक मयताचा ठसा कंपनीला घरच्यांकडून मिळवता येईल. मात्र आज पट्टी लावणाऱ्या प्रत्येकाला आताच, समोर बसून विचारावे. जिला किंवा ज्याला द्यायचे त्यांची गाठ घालून द्यावी. रोशनी टेंभुर्णे यांना जुळणारा जिवंत माणसाचा ठसा सापडतो का, हा शोध आजच सुरू व्हावा. शेवटची सही दुसऱ्या अधिकाऱ्याने सकाळीच केली होती.

डॉ. भोयरांनी कागद खाली ठेवला. "सापडेलच असं नाही, सर. वर्षही लागेल."

"हो."

"ताई हो म्हणाल्या असत्या. तुम्हालाही माहीत आहे."

"म्हणाली असती," हेमंत म्हणाला. "रोशनीला बघून नक्कीच म्हणाली असती. पण हे सांगणारा मी आहे."

डॉ. भोयर उठल्या. पट्टी घेऊन आत गेल्या. काचेपलीकडे दिवा लागला आणि थोड्या वेळाने गेला. पुसायला फार वेळ लागत नाही.

"भंडाऱ्याला मी कळवते," बाहेर येऊन त्या म्हणाल्या.

"नको. मी शब्द दिलाय."

तो बसस्थानकावर आला. भंडाऱ्याची गाडी फलाटाला लागलेली होती. जेवणाची वेळ झाली होती, आणि त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. तो बाकावर बसून राहिला. रोशनी विचारेल, मग बरोबर कोण होतं साहेब, कलम का मी? गाडी गेली, तो चढला नाही. दुसरी तासाभराने होती.

रोशनीला सांगायचे अजून राहिले होते.