दाबा, धरून ठेवा, सोडा

दहा दिवसांपासून ॲक्सिलरेटर दाबला की गाडीच्या पोटातून घर्रर्र असा आवाज यायचा. पाय उचलला की गप्प. भूपेश रोज म्हणायचा, उद्या दाखवू. आज तर दाखवायला वेळच नव्हता. आंबागडहून तो आणि त्याची आई सत्यभामाबाई त्याच्यासाठी मुलगी पाहायला निघाले होते. पण मोहाडीच्या अलीकडे एका चढावर तो आवाज असा काही उसळला की आईने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. भूपेशने गाडी सरळ रस्त्यालगतच्या गॅरेजात घातली. पाटीवर लिहिलं होतं, ‘खुशबू मोटर्स’.

मालकाने लेकीचं नाव दिलं असेल, असं त्याला वाटलं. मिस्त्री आहेत का, म्हणून त्याने हाक मारली. एका जीपखालून आधी दोन पाय आले, मग निळा डगला, मग गालावर काळ्या तेलाची लांब रेघ... आणि तिच्या वर दोन डोळे, जे सरळ त्याच्याकडेच पाहत होते.

“बोला,” ती म्हणाली. “मीच मिस्त्री. खुशबू.”

काय झालंय ते शेवटी आईनेच सांगितलं.

तिने दोन-चार प्रश्न विचारले. उभ्या गाडीत रेस दिली तर येतो? उतारावर न्यूट्रलमध्ये येतो? नाही, फक्त गाडी ओढायला लागली की येतो. तिने मान हलवली, बॉनेट उघडलं आणि त्याला हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, क्लच जरासा सोडायला सांगितलं. इंजिन एका अंगाने उचललं गेलं... घर्रर्र! इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, ते फाटलं होतं.

तिने टॉर्च मागच्या बाजूला मारला आणि तिथेच रोखून धरला. मग बोटानेच त्याला जवळ बोलावलं. दोघांची डोकी टेकतील इतक्या जवळ तो वाकला. इंजिनच्या लोखंडी पट्टीने ब्रेकची नळी घासून घासून कागदाएवढी पातळ केली होती. तिच्यावर तेलाचा एक थेंब जमला होता.

“एखांदा जोरात ब्रेक मारला असता न, तर फुटली असती हे,” ती हळू आवाजात म्हणाली.

“अन् मंग?”

“मंग तुम्ही इथं उभे राहून मले हे विचारत नसते.”

भूपेशने वळून पाहिलं. आई खुर्चीवर बसून पदर नीट करत होती. तो तिथेच एका जुन्या टायरवर बसला. खुशबूने पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

तुमसरहून सामान यायला दुपार झाली; तोवर खुशबूने दोनदा चहा पाजला. मुलीकडच्यांचा फोन आला, वेळ टळली म्हणून ते रागावले आणि बोलणं तिथेच मोडलं. आपल्याला वाईट वाटतंय का, हे भूपेशने मनात चाचपून पाहिलं. जराही वाटत नव्हतं! त्याचाच त्याला धक्का बसला.

माउंटिंग बसलं, नळी बदलली. आता ब्रेकमधली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात. ती चाकाशी बसली, तो पेडलवर. “दाबा... धरून ठेवा... सोडा.” पुन्हा. “दाबा... धरून ठेवा...” उघड्या दारातून तिच्या मानेवर चिकटलेली बट त्याला दिसली आणि त्याचा पाय निसटला.

“सोडलं कायले?”

“चुकून,” तो म्हणाला.

“सामनं पाहा न मंग.” पण तिचा कान लाल झाला होता.

गाडी चालवून पाहायला ती शेजारी बसली. त्याच चढावर गाडी लोण्यासारखी गेली. कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांवर कलतं ऊन पडलं होतं. ती सांगत होती की मोटार मेकॅनिकचा कोर्स केला तेव्हापासून स्थळं येतात, तिचे हात पाहतात आणि चहा न घेताच निघून जातात.

“मी तर दोनदा घेतला,” भूपेश म्हणाला.

ती खिडकीबाहेर पाहू लागली... गॅरेज येईपर्यंत.

निघताना सत्यभामाबाईंनी विचारलं, कोणाची पोरगी? “ढिवराची,” खुशबू म्हणाली. बाबांचं नाव ईश्वर, ते तलावात मासे धरतात, हेही तिने सांगितलं. सत्यभामाबाईंनी तिचे तेलकट हात क्षणभर आपल्या हातांत धरले. पण आंबागडपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ही शांतता जातीची आहे, हे भूपेशला कळलं.

तरी तो मोहाडीला जात राहिला. कधी ऑइल, कधी हवा, कधी काहीच नाही. दोन महिने असे गेल्यावर एका भर दुपारी त्याने बोलून टाकलं.

“मले तुमच्यासंगच लगन करायचं हाये. मायले मी समजावीन... टाइम लागंल, पन समजावीन.”

तिच्या हातातला पाना थांबला. मग हात पुसत ती म्हणाली, “त्या आल्या होत्या. मंगळवारी. एसटीनं, एकट्याच.”

मंगळवारी आई देवळात जाते म्हणून गेली होती!

“काय... काय म्हनाली?”

“सैपाक येते का, म्हून इचारलं. म्या सांगतलं, नाही येत.”

त्याने डोळे मिटून घेतले. “मंग?”

“मंग म्हनाल्या, आमच्या भूपेशले येते.”

“अन् तुम्ही... काय म्हटलं?”

खुशबूने वर पाहिलं. हसू तिला आता दाबता येईना.

“म्हटलं, मंग जमते.”