रक्तवाहिन्यांतलं नाव

"मला तो माणूस पाहिजे!" डॉ. कृष्णराज गरजले. "त्याला कॉलेजातून हाकलल्याशिवाय मी गप बसणार नाही."

धाराशिवजवळच्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सकाळी त्यांच्या शरीररचनेच्या डिजिटल धड्यांचं उद्घाटन होतं. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर हृदयाचं चित्र उमटलं आणि पाहुण्यांदेखत त्यात अक्षरं दिसली : 'चोर'.

खासगी गुप्तहेर पौर्णिमा कांबळे शांतपणे ऐकत होती. सोबत तिचे मदतनीस, निवृत्त हवालदार नानासाहेब.

"चित्र कुणाचं, सर?"

"माझं. स्वतः काढलंय."

"आधी तपासलं नव्हतं?"

"मोबाईलवर कितीदा तरी! तेव्हा काहीच नव्हतं."

संगणक विभागातला योगीराज घाबरला होता. "मॅडम, सरांनी दिलेली फाईल मी तशीच लावली. त्यानंतर तिच्यात काही बदल न्हाय. तुम्हीच बघा."

पौर्णिमानं पाहिलं. तो खरं बोलत होता.

"मग ते म्हातारे गुरुलिंग सर," नानासाहेब कुजबुजले. "त्यांना हे डिजिटल शिकवणं अजिबात पटत न्हाय."

"न्हाईच पटत," गुरुलिंग सर त्यांच्या वर्गात भेटले तेव्हा म्हणाले. "पण मला संगणक चालू करायला येत न्हाय, बाई. मला हे पुरतं." त्यांनी फळ्याकडे बोट केलं. खडूनं काढलेलं हृदय, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या. "लोहाऱ्याच्या शिवांजलीनं काढलंय. माझी विद्यार्थिनी."

पौर्णिमा फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं शिवांजलीला गाठलं. "कृष्णराज सरांचे धडे कसे वाटले?"

"चित्रं चांगली आहेत," शिवांजली म्हणाली. चेहरा दगडासारखा.

दुपारी प्राचार्यांसमोर सगळे सभागृहात जमले. पौर्णिमानं तेच चित्र पुन्हा पडद्यावर लावलं.

"फाईलीला कुणी हात लावला नाही. म्हणजे अक्षरं मुळातच चित्रात होती, बारीक रक्तवाहिन्यांनी लिहिलेली. मोबाईलवर ती रेषांत हरवतात, एवढ्या मोठ्या पडद्यावर वाचता येतात."

"मग लिहिली कुणी?" नानासाहेबांनी विचारलं.

"ज्यानं चित्र काढलं, त्यानं. आणि हीच वळणं, हाच हात गुरुलिंग सरांच्या फळ्यावर आहे." ती वळली. "कृष्णराज सर, चित्र नक्की तुम्हीच काढलंत?"



शिवांजली उठली. "माझं आहे. सरांनी माझं नाव देतो म्हणून मागितलं आणि स्वतःचं टाकलं. विचारायला गेले तर म्हणाले, 'प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत.' मग मी म्हणलं, चित्रात एक चूक राहिली, सुधारून देते. अक्षरं घालून दिलं. आणि या दिवसाची वाट बघत बसले."

"हिला काढून टाका!" कृष्णराज ओरडले.

प्राचार्यांनी त्यांच्यापुढं कागद सरकवला. "लेखी तक्रार द्या. चित्र कुणाचं, तेही लिहा."

"लिहा की, सर," शिवांजली म्हणाली. "माझं नाव तुमच्या हातानं लिहिलेलं मला बघायचंय."